वाचकांचे प्रश्न : तोंडी ठरलेले आणि कागदावर उतरलेले

गेल्या दोन महिन्यांत जमिनीच्या प्रश्नांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. चौघांचीही अडचण एकाच जागी सुरू होते. माणसांत ठरले एक, आणि कागदावर उतरले दुसरे, किंवा काहीच उतरले नाही. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी मार्च 2022 मध्ये मी गावातल्या एका व्यक्तीकडून 3 लाख रुपये घेतले. तारण म्हणून त्यांनी माझ्या 2 एकर वावराचे विक्रीखत नोंदवून घेतले. पैसे परत केले की वावर परत करून देऊ, असे तोंडी ठरले होते. दोन वर्षे मी दरमहा व्याज फोनवरून त्यांच्या खात्यात पाठवले. वावर अजूनही मीच वाहतो. आता मुद्दल घेऊन गेलो, तर ‘विक्री झाली, विषय संपला’ असे उत्तर मिळाले. सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले आहे. — एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रासोबत विक्रीखताची प्रत होती, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो. तिसऱ्या पानावर ‘मोबदल्याची संपूर्ण रक्कम रोख मिळाली, जमिनीचा प्रत्यक्ष ताबा आज रोजी दिला, आता माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिला नाही’ असे छापील वाक्य आहे आणि त्याखाली आपली सही व अंगठा आहे. ताबा दिलेला नसताना ताबा दिल्याचे आपण लिहून दिले आहे. दुय्यम निबंधक दस्त लिहून देणाऱ्याची ओळख पटवतो, फोटो व अंगठा घेतो आणि दस्त मान्य आहे ना, असे विचारतो. हा व्यवहार मुळात उसनवारीचा आहे का, हे पाहणे त्याचे काम नसते. त्या खुर्चीसमोर मान डोलावणारे शेतकरी मी वकिलीच्या काळात इतके पाहिले आहेत, की त्यात मला आता नवल वाटत नाही, मात्र वाईट अजूनही वाटते.

संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मध्ये सशर्त विक्रीच्या स्वरूपातील गहाणाची तरतूद आहे, पण 1929 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार अशा प्रकारचे गहाण मानला जातो. आपल्या दस्तात ती अट नाही. वेगळ्या कागदावर ती लिहून घेतली असती, तरी तिला गहाणाचा दर्जा मिळाला नसता, फार तर जमीन परत विकण्याचा करार म्हणून त्यावर दावा करता आला असता. यामुळे ‘हे गहाण होते’ एवढ्याच मुद्द्यावर आपण लढलात, तर बाजू कमकुवत राहील.

तरीही मार्ग आहेत, आणि ते दोन आहेत. पहिला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 चा. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि सावकारीच्या व्यवहारात विक्री, गहाण किंवा अन्य नावाखाली घेतलेली स्थावर मालमत्ता कर्जदाराला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकाला कलम 18 खाली काढता येतो. प्रत्यक्षात हा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यायचा असतो. अर्जाच्या आधीच्या ठराविक वर्षांतलेच व्यवहार या कलमात येतात, त्यामुळे विलंब करू नये. चौकशीत समोरची व्यक्ती सावकारी करते, हे दाखवावे लागते, आणि एकट्या आपल्या व्यवहारावरून ते सिद्ध होणे कठीण असते. म्हणून त्या व्यक्तीच्या नावाने तालुक्यात झालेल्या विक्रीखतांची सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) काढा. चार-पाच अडलेल्या शेतकऱ्यांकडून कमी किमतीत खरेदी झालेली दिसली आणि त्यांतले दोघे जरी जबाब द्यायला तयार झाले, तरी चित्र बदलते.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे. लेखी दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, हे खरे. पण दस्त केवळ नाममात्र होता आणि तो अमलात आणण्याचा दोन्ही पक्षांचा हेतूच नव्हता, हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई विरुद्ध छबूबाई या 1981 सालच्या निकालात सांगितले आहे. आपल्या बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे ते फोनवरून पाठवलेले व्याज. जमीन विकत घेणाऱ्याला विकणारा मनुष्य पुढे दोन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम कशासाठी पाठवील, याचे उत्तर समोरच्याला द्यावे लागेल. बँकेतून त्या काळाचा शिक्क्यानिशी खातेउतारा घ्या, फोनमधल्या चित्रांवर विसंबू नका. त्या वर्षीच्या सरकारी बाजारमूल्य तक्त्यातील (रेडी रेकनर) दर आणि दस्तातील किंमत यांची तुलनाही सोबत जोडा. अशा दाव्याला बहुधा 3 वर्षांची मुदत लागू होते आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची, यावर बराच वाद घातला जातो, म्हणून पैसे घेण्यास नकार मिळाला तो दिवस आणि त्या वेळी हजर असलेली माणसे आजच लिहून ठेवा.

एका गोष्टीचा विचार आपण केलेला दिसत नाही. सातबारा त्यांच्या नावावर असल्याने ई-पीक पाहणी (मोबाइलवरून होणारी पिकांची सरकारी नोंद) त्यांच्या खात्यावर होऊ शकते, आणि दोन हंगामांनंतर वावर तेच वाहतात, असे सरकारी कागद बोलू लागतील. म्हणून बियाणे-खतांच्या पावत्या, कापूस विकल्याच्या काटापट्ट्या आणि विहिरीचे वीजबिल स्वतःच्या नावाने घेत जा, आणि धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून असलेल्या दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे तयार ठेवा. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी कायमची गेली, असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच तिचे वजन आहे. तिसऱ्याच व्यक्तीला जमीन विकली जाऊ नये, यासाठी दाव्यासोबत मनाई हुकुमाचा अर्ज मात्र पहिल्याच दिवशी द्यावा.

प्रश्न : माझे वडील 1998 मध्ये वारले. माझे लग्न 1990 मध्ये झाले होते. वारसांच्या फेरफारात आई आणि दोन भाऊ यांचीच नावे लागली. आता जमिनीचा काही भाग रस्त्यासाठी संपादित होणार आहे. राखीला गेले, तेव्हा भावाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. मी सही केली नाही. लग्न इतके जुने असल्यामुळे माझा हक्क उरलेला नाही, असे भाऊ म्हणतो. — एक भगिनी, जि. बुलढाणा

उत्तर : सही केली नाहीत, हे योग्य केले. जमीन वडिलोपार्जित असेल, तर लग्नाच्या वर्षाचा मुद्दा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 1994 च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीपुरता खरा होता, कारण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिचा लाभ नव्हता. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही, आणि मुलीचा हक्क जन्माने असल्याने त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. महत्त्वाचा अपवाद असा, की 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकुमनाम्याने वाटणी झालेली असेल, तर ती कायम राहते. जमीन वडिलांच्या स्वकष्टाची असेल, तर प्रश्न आणखी सोपा आहे. मृत्युपत्र नसल्यास आई, भाऊ आणि आपण समान वारस आहात.

वारसांच्या फेरफारात, म्हणजे महसुली नोंदीत, नाव राहून गेल्याने हिस्सा नाहीसा होत नाही. तसेच स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो, त्यामुळे ‘मला हिस्सा नको’ असे प्रतिज्ञापत्र पूर्वी कधी दिले असेल, तर तेवढ्याने हक्क गेला, असे समजू नका. आता घाई मोबदल्याची आहे. भूसंपादन अधिकाऱ्याकडे आपल्या हिश्श्याचा लेखी दावा निवाड्यापूर्वी (मोबदला ठरवणाऱ्या आदेशापूर्वी) द्या आणि पोहोच घ्या. हिश्श्याबद्दल वाद उभा राहिला, की तो निर्णयासाठी प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयाकडे जातो. रक्कम एकदा भावांच्या खात्यात जमा होऊन खर्च झाली, तर हक्क असूनही वसुलीच्या मागे वर्षे जातात. भावाशी संबंध तुटतील, ही भीती मी समजू शकतो. पण आपला हिस्सा मान्य करून घेऊन, नंतर त्यातले काही भावाला स्वखुशीने देणे आपल्याच हाती असते.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे. एकुलत्या एका मुलाला पीककर्ज काढता यावे, म्हणून 5 एकर जमीन त्याच्या नावावर करून द्यावी का? — जि. वर्धा

उत्तर : केवळ पीककर्जासाठी करू नये. कर्ज आपल्या नावावर काढून मुलाच्या हाती देता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्र मनास वाटेल तेव्हा मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 मुळे सांभाळ न करणाऱ्याच्या नावचे हस्तांतरण रद्द होऊ शकते आणि त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, परंतु सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहिलेली असणे शहाणपणाचे आहे. मृत्युपत्र हा बरा पर्याय दिसतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे आणि हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. पत्नीला तिच्या हयातीपर्यंत उत्पन्नाचा हक्क ठेवायला विसरू नका. पुरुष मंडळींच्या मृत्युपत्रांत नेमकी हीच ओळ राहते. जमीन वडिलोपार्जित असेल, तर मात्र आपल्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येईल. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल किंवा जमीन भूदानातून मिळालेली असेल, तर हस्तांतरणावर निर्बंध असतात. आपल्या भागात अशा जमिनी असल्याने ते आधी तपासा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. वाशीम जिल्ह्यातील वावर आठ वर्षांपासून एकाच गृहस्थांना ठरावीक रकमेवर मक्त्याने दिलेले आहे. लिखापढी काही नाही. 12 वर्षे झाली की जमीन त्यांची होते, असे मित्र सांगतात. — एक वाचक

उत्तर : मित्रांनी अर्धवट ऐकले आहे. मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग 12 वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. आपल्या परवानगीने आणि मक्ता देऊन वावर वाहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. पण परवानगी होती, हे दाखवणारा कागदच आपल्याजवळ नाही, ही खरी अडचण आहे. दुसरी काळजी कूळ असल्याच्या दाव्याची आहे. इंटरनेटवरचे बरेच मराठी सल्ले 1948 च्या मुंबई कूळ कायद्याचे असतात, आपल्या जिल्ह्याला मात्र विदर्भ विभागासाठीचा 1958 चा स्वतंत्र कायदा लागू आहे. म्हणून या हंगामापासून दरवर्षी वेगळा लेखी करार करा, मसुदा वकिलाकडून घ्या, कारण मक्त्याचा आणि बटईचा (पिकाच्या वाट्याचा) मसुदा एकसारखा नसतो. रक्कम बँकेतूनच घ्या. सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना वर्षातून दोनदा वाचा आणि ई-पीक पाहणी स्वतःच्या खात्यावर झाली आहे ना, ते पाहा.

आपल्या गटावर नवा फेरफार धरला गेला, तर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. ती जुन्या पत्त्यावर गेली, तर पुण्यात कळणार नाही. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गाव निवडून ती घरबसल्या पाहता येते, त्यासाठी महिन्यातून दहा मिनिटे पुरतात. हरकत घ्यायची झाल्यास ती लेखी द्या आणि पोहोच जपून ठेवा. धुरा सरकल्याची शंका आपण पत्राच्या शेवटी लिहिली आहे. तिच्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करावा लागेल. तो अशा बेताने करा, की पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटून वावर मोकळे झाल्यावर, उन्हाळ्यात मोजणीची तारीख मिळेल. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि मक्तेदारालाही सोबत ठेवा.