जंगलातून मोकळ्या मैदानावर आलेला पेंटबॉल

प्रश्न : आमचा संघ अनेक वर्षे झाडीत पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करण्याचा खेळ, खेळत आला आहे. नुकतीच आम्ही प्रथमच हवेने फुगवलेल्या बंकरांच्या, म्हणजे आडोशांच्या, मैदानावर स्पर्धा खेळलो आणि जवळजवळ प्रत्येक सामना पहिल्या मिनिटभरातच हातचा गेला. आमचा नेम वाईट नाही. मग चुकते कोठे?

उत्तर : चूक नेमात नाही, आडोशाच्या हिशेबात आहे. झाडीत रंगाची गोळी फांदीवर किंवा पानावर आपटली तरी फुटते, त्यामुळे विरळ झुडूपही बऱ्यापैकी संरक्षण देते, आणि ज्याला समोरच्याने पाहिलेलेच नाही तो उघड्यावर असूनही सुरक्षित राहतो. 27 जून 1981 रोजी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर येथे बारा जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला, तेव्हा एकही गोळी न झाडता झेंडे गोळा करणारा खेळाडू जिंकला आणि तो पेशाने वनपाल होता. त्या मैदानावर कोणत्या गुणाला मोल होते, हे यावरून पुरेसे कळते.

फुगवलेल्या बंकरांच्या मैदानावर या गुणाला फारसा वाव राहत नाही. तेथे जमीन सपाट असते आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बंकर एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे मांडलेले असतात, त्यामुळे आपण जेथून धावणार तेथूनच समोरचाही धावणार, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच दोघांना ठाऊक असते. म्हणून जाणते संघ खेळाडूवर नेम धरण्याऐवजी दोन बंकरांमधल्या रिकाम्या जागेवर, तेथे कोणी पोहोचण्याआधीच, गोळ्यांची सलग धार सोडतात. याला ‘लेन’ धरणे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्करवर, म्हणजे गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीवर, मोठ्या स्पर्धांतून सेकंदाला सुमारे दहा गोळ्यांची मर्यादा आहे, तरीही एवढी धार ओलांडून जाणे सोपे नसते. तुमचे दोन-तीन खेळाडू बहुधा ‘ब्रेकआउट’च्या, म्हणजे सुरुवातीच्या धावेच्या, याच काही सेकंदांत बाद होत असावेत. त्यानंतर पाचांविरुद्ध तिघांनी खेळायचे म्हटल्यावर नेम कितीही चांगला असला तरी तो किती पुरणार?

दुसरी गोष्ट कोनांची आहे. आजच्या स्पर्धांच्या मैदानांवर साधारणपणे एका कडेला ‘स्नेक’, म्हणजे सापासारखी लांब आणि बुटकी बंकरांची रांग असते, तर दुसऱ्या कडेला ‘डोरिटो’ या नावाने ओळखले जाणारे त्रिकोणी बंकर असतात. स्नेकमध्ये शिरलेला खेळाडू पोटावर सरपटत पुढे जातो आणि मैदानाच्या आरपार गोळ्या मारून, समोरून पूर्ण झाकलेल्या खेळाडूला बाजूने टिपतो. डोरिटोच्या कडेला मात्र खेळाडू पायांवरच राहतो, झटपट एका बंकरावरून पुढच्या बंकरावर जातो आणि त्याला मैदान वरून दिसत असल्याने तो सोबत्यांना माहितीही पुरवतो. झाडीत ‘माझ्यासमोर कोण आहे’ हा प्रश्न विचारून भागते. येथे ‘मला बाजूने कोण पाहू शकतो’ हा प्रश्न सतत विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर दर काही सेकंदांनी बदलते. म्हणूनच झाडीत कुजबुजणारे संघ येथे घसा फोडून ओरडतात. समोरचा कोणत्या बंकरामागे आहे आणि त्यांचे किती बाद झाले, हे ठरावीक शब्दांत सांगितले नाही तर पाच जण पाच वेगवेगळे खेळ खेळू लागतात.

मोठ्या स्पर्धांची मांडणी आधीच जाहीर होते आणि संघ ती आपल्या सरावाच्या मैदानावर जशीच्या तशी उभी करून घोटतात. मला स्वतःला हे फारसे रुचत नाही, कारण अनोळखी जागा वाचण्याचे कसब त्यात मागे पडते. पण नियम तसा असताना केवळ तत्त्व म्हणून तयारीविना जाणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न : रंगीत जर्सी आणि फुगे आणून पेंटबॉलने लष्करी प्रतिमा पुसली, असे म्हणतात. हा निव्वळ देखावा नव्हे काय?

उत्तर : देखावा आहेच, पण त्याचे मूळ मैदानात आहे. मोकळ्या हिरवळीवर ठिपक्यांचा लष्करी पोशाख कोणालाच लपवत नाही, त्यामुळे तो उपयोगातून आधी गेला आणि मग प्रायोजकांना सोयीची अशी जर्सी आली. फुगवता येणारे बंकर घडी घालून नेता येतात आणि कोणत्याही सपाट मैदानावर उभारता येतात, म्हणून खेळ जंगलातून निघून प्रेक्षकांच्या समोर आला. झाडीतला सामना पाहणार तरी कोण आणि कोठून? गेल्या शतकाच्या अखेरीपासून हा बदल झपाट्याने झाला आणि त्यापाठोपाठ आलेल्या एक्स-बॉल या प्रकाराने ठरावीक वेळेत पुन्हा पुन्हा डाव सुरू करून गुण मोजण्याची पद्धत रुळवली, त्यामुळे सामन्याला इतर सांघिक खेळांसारखा धावफलक मिळाला.

‘मार्कर’ हा शब्द मात्र केवळ प्रतिमेसाठी शोधलेला सौम्य शब्द आहे, ही समजूत पुरती खरी नाही. 1981 च्या त्या खेळात वापरलेले नेल-स्पॉट 007 हे साधन मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठीच बनवलेले होते.

तरीही नव्या रूपाची एक उणीव कबूल करायला हवी. गोळी नजरेला क्वचितच टिपता येते, बाद होणे क्षणात घडते, आणि नवख्या प्रेक्षकाला रंगीत फुग्यांच्या गर्दीत काय घडले याचा पत्ता लागत नाही. झाडीतला खेळ दिसत नव्हता, हा दिसतो पण कळत नाही. शिवाय लष्करी वेशातले मोठे सिनारिओ, म्हणजे एखाद्या कथानकावर बेतलेले, खेळ आजही आवडीने खेळले जातात, त्यामुळे प्रतिमा पुसली गेली असे म्हणण्यापेक्षा एकाच खेळाच्या दोन प्रतिमा शेजारी नांदतात, असे म्हणणे योग्य होईल.

प्रश्न : मग झाडीतला सराव सोडून द्यावा काय?

उत्तर : सोडू नका. संयम आणि ऐकण्याची सवय तेथेच लागते. फक्त आठवड्यातले एक सत्र मोकळ्या मैदानावर ठेवा आणि त्यात मार्कर दोन्ही हातांनी चालवण्याचा सराव करा. उजव्या हाताचा खेळाडू बंकराच्या डाव्या कडेने तसाच डोकावला तर गोळी मारण्यापूर्वी त्याचा खांदा आणि अर्धे शरीर बाहेर येते. तुमचे जे खेळाडू सुरुवातीच्या धावेतून वाचले, त्यांतले बरेच जण कदाचित असेच बाद झाले असतील.