एक्स-रे नॉर्मल, कीड नाही, तरी वरच्या दाढा का दुखतात?

नेमकी कुठली दाढ ते बोट ठेवून सांगता येत नाही आणि सकाळी उठल्यावर दुखणं जास्त असतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून मला दोन शंका येतात.

पहिली, झोपेत दात खाण्याची. बोटं गालावर ठेवून दात घट्ट आवळा. जो स्नायू टरारून वर येतो, तो दात सैल सोडून दाबून बघा. दाबल्यावर तुमचं नेहमीचंच दुखणं जागं झालं, तर मूळ दाढेत नसून बहुधा त्या स्नायूत आहे. अशा वेळी डॉक्टर रात्री दातांवर घालायचं कव्हर, म्हणजे नाइट गार्ड देतात.

दुसरी, सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीची. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात. सर्दीनंतर दोन-तीन दाढा एकदम जड वाटत असतील, खाली वाकल्यावर ठणका वाढत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

एक्स-रेवर मात्र फार विसंबू नका. दाताला गेलेली बारीक चीर त्यात बहुतेकदा दिसत नाही. माझ्या खालच्या दाढेत घास चावताना मध्येच कळ यायची. डॉक्टरांनी प्लास्टिकची छोटी काडी दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला लावली. मागच्या टोकावर चावलं तेव्हा काही नाही, दाब सोडला आणि सणकन कळ गेली. ही चिरेची खूण. वेळेत कॅप बसवली, दाढ वाचली.

थंड पाण्याने शिवशिवून लगेच थांबत असेल, तर बहुधा हिरडी सरकून मूळ उघडं पडलंय. पाणी गिळल्यावरही अर्धा मिनिट ठणकत राहिलं, तर आतली नस सुजली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा उशीर नको. नुसता वारा किंवा ब्रश लागून विजेसारखा झटका येत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना भेटा. जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर कमी होत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. सोबत घाम किंवा छातीत दडपण असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि कळकळीने सांगतो, कारण सापडेपर्यंत दाढ काढू नका, रूट कॅनालही करू नका. आधी संशयित दाढ इंजेक्शनने बधिर करून बघा, असं डॉक्टरांना सांगा. बधिर करूनही दुखणं तसंच राहिलं, तर ते बहुधा दुसरीकडून येतंय.