ग्राफिक्स कार्ड : आत्ता घ्यावं की थांबावं?

प्रश्न : इंटिरिअर डिझाइनचं काम घरूनच करतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर (सीनवरून अंतिम चित्र तयार करणं) रोज रात्री पाच तास चालतात. सध्या एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स 3060 कार्ड (12 जीबी), 650 वॉटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि 1000 व्हीएचा यूपीएस आहे. 5080 घेऊ, 5090 घेऊ, की पुढच्या पिढीची वाट पाहू? वीजबिलाचीही धास्ती वाटते.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काम रोजचं आहे, तेव्हा थांबू नका. एनव्हिडियाची दर पिढीतली वरची कार्डं पाहा : 3090 आलं सप्टेंबर 2020 मध्ये, 4090 ऑक्टोबर 2022 मध्ये आणि 5090 जानेवारी 2025 मध्ये. म्हणजे दोन पिढ्यांत दोन-सव्वादोन वर्षं जातात. नवं कार्ड आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ते जाहीर किमतीला क्वचितच हाती लागतं, तेही धरा.

थांबून काय पदरात पडतं, हे चिप कोणत्या प्रक्रियेवर बनते त्यावर ठरतं. 3090 ची चिप सॅमसंगच्या 8 नॅनोमीटरवरची, 4090 ची तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या 4एन या जास्त बारीक प्रक्रियेवरची. म्हणून तेव्हा प्रत्येक वॉटमागे भरपूर काम वाढलं. 5090 पुन्हा 4एनवरच बनलं. वीज 450 वरून 575 वॉटवर गेली, म्हणजे 28 टक्के जास्त, आणि गेममधला वेगही साधारण तेवढाच वाढला. पुढच्या कार्डाची बातमी आली की आधी प्रक्रिया बदलली का ते पाहा, बाकी आकडे नंतर.

आता वीज. 5080 चे 360 वॉट, पाच तास, तीस दिवस म्हणजे 54 युनिट. 5090 चे 86. पण ब्लेंडरमध्ये 5090 दीडपटीच्या आसपास वेगानं काम उरकतं, त्यामुळे तेवढ्याच फ्रेमला लागणारे युनिट जवळपास सारखेच येतात. बिल मोजताना सरासरी दर धरू नका. हे युनिट घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून महावितरणच्या बिलात तुमचा सर्वांत वरचा स्लॅब जो असेल, त्या दरानं गुणा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं ओढायच्या विजेची मर्यादा) 80 टक्क्यांवर आणलंत तर वीज पाचव्या हिश्श्यानं घटते, वेग मात्र त्या मानानं फार कमी पडतो. हे जरूर करा.

खरा फरक मेमरीचा. तुमचे सीन 16 जीबीत मावत असतील तर 5080 पुरे. 2025 मध्ये बाजारात आलं तेव्हा त्याची जाहीर किंमत 1,07,000 रुपये होती, 5090 ची 2,14,000. सीन मेमरीत मावला नाही तर रेंडर रखडतो नाहीतर बंद पडतो; तसं वरचेवर होत असेल तरच 32 जीबीच्या कार्डाला दुप्पट पैसे घाला.

एसएमपीएस बदलावाच लागेल : 5080 ला 850 वॉट, 5090 ला 1000. यूपीएसही. 5080 धरलं तर कार्ड 360 वॉट, प्रोसेसर 150, बाकी 80. एसएमपीएसमधला तोटा धरून भिंतीतून 660 वॉट ओढले जातील. 1000 व्हीएचे बरेच यूपीएस प्रत्यक्षात 600 वॉटच देतात. लाइट गेली की ते बोंबलून बंद पडतील. किमान 900 वॉटचा, प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा) घ्या.

प्रश्न : कार्डाचा वीजजोड वितळतो म्हणतात. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : 12 व्होल्टवर 600 वॉट म्हणजे 50 अँपिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी सव्वाआठच्या वर. जोड अर्धवट बसला की काही पिनांवर जास्त भार येऊन त्या तापतात. तो पूर्ण आत दाबा. कडेनं पाहिल्यावर फट दिसता कामा नये. वायर जोडापासून साडेतीन सेंटिमीटर सरळ राहू द्या, मगच वळवा. कॅबिनेटची काच वायरीला दाबत असेल तर कॅबिनेट बदला. केबल एसएमपीएसच्याच कंपनीची वापरा.

प्रश्न : बिलाशिवाय घेतलं तर दुकानदार दोन हजार कमी करतो. घ्यावं का?
— एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : मुळीच नको. वॉरंटीसाठी बिल लागतं. शिवाय तुमची जीएसटी नोंदणी असेल, ती कंपोझिशन योजनेतली (उलाढालीवर ठोक दरानं कर भरण्याची) नसेल आणि कार्ड धंद्यासाठी असेल, तर 1,07,000 मधले जीएसटीचे 16,322 रुपये इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) म्हणून वळते करता येतात. बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक आणि कार्डाचा सीरियल नंबर दोन्ही घालून घ्या.