ठाण्यात ६ वर्षं जुनी, ७०,००० किमी चाललेली जर्मन सेडान घेतली. सर्व्हिस रेकॉर्ड अर्धवट आहे. आधी काय करून घेऊ?

अभिनंदन! आता महिनाभर सिरॅमिक कोटिंग, नवे अलॉय वगैरे विसरा.

रेकॉर्ड नाही म्हणजे काम झालेलंच नाही, असं धरून चला. इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर लगेच बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर २ वर्षांनी बदलावं लागतं. जुन्या मालकाने बहुधा टाळलेलं असतं. कूलंटही बघा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रांगताना कुलिंगचा खरा कस लागतो.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे म्हणून कोणी उडवून लावेल. ऐकू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते. गाडीत झेडएफचा गिअरबॉक्स असेल तर तुम्ही जवळ आलाच आहात.

टायरच्या बाजूला ‘DOT’ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे ४ आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून फसू नका, वयाने रबर कडक होतं.

सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या पावसाळ्याआधी साफ करा. माझ्या तुंबल्या होत्या, आठवडाभर कार्पेट वाळवत बसलो.