आई गोळ्या घेते म्हणते, मग शुगर का खाली येत नाही?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. मी सोलापुरात एका डॉक्टरांच्या ओपीडीत शुगर-बीपीच्या पेशंटचं आणि घरच्यांचं समुपदेशन करते, आणि खरं सांगायचं तर पेशंटपेक्षा घरचेच जास्त वैतागलेले असतात. ही केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

श्रावणातली गोष्ट. अशोक चौकाच्या बाजूचं कुटुंब, मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून घरी, सासूबाई साठीच्या पुढच्या, शुगर बारा वर्षांची आणि बीपी पण. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी 10.2, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर चांगलीच वर. मुलगा येऊन बसला तोच रागात, "मॅडम, दर महिन्याला गोळ्या आणतो, स्ट्रिपा रिकाम्या होतात, मग हे काय?" काकू शांत. "घेतंय की मी, रोज घेतंय." सून काहीच बोलली नाही, पण जाताना दारात थांबून मला हळूच म्हणाली, ताई, परवा ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून आत्यांचा सुईदोऱ्याचा डबा उघडला तर बटणांत गोळ्या, मोजल्या तर तेवीस.

आता इथे बहुतेक घरात काय होतं तर डबा समोर आपटायचा आणि जाब विचारायचा. मी सुनेला सांगितलं, डबा होता तसाच ठेवा, घरात काही बोलू नका, पुढच्या वेळी काकूंना एकटीला माझ्याकडे पाठवा. कारण गोळी चुकवणं वेगळं आणि गोळी लपवून ठेवणं वेगळं, लपवणाऱ्याला कशाची तरी भीती असते. (माझा हा अंदाज चुकतोही कधीकधी, काहींना नुसता कंटाळाच आलेला असतो.)

काकू आल्या तेव्हा मी गोळ्यांचं नावच काढलं नाही, गुडघे, नातू, गड्ड्याची जत्रा, ह्याच्यावरच बोलत बसलो. मग विचारलं, काकू, गोळी घेतल्यावर कधी त्रास झाला होता का? बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसल्या. "आषाढी एकादशीला ओ ताई. सकाळी नेहमीसारखी गोळी घेतलं, नुसता चहा घेतलं, घरात कोणी नव्हतं. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले, घामानं चोळी भिजली, डोळ्यापुढं अंधार. वाटलं संपलं आता. डब्यातला शेंगाचा लाडू खाल्लं, तरी लई वेळ तसंच बसून होतं मी." मुलाला का नाही सांगितलं? "सांगितलं असतं तर उपवासच बंद केला असता की त्यानं."

म्हणजे बघा, उपवास सोडायचा नाही आणि गोळीनं जीव जातो असं वाटतंय, मग बाईनं गोळीच सोडली. तिच्या हिशेबानं चूक काय होतं?

झालं काय होतं तर तिची गोळी दोन औषधं एकत्र असलेली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा शुगर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराईड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला का नाही ते बघत नाही. पोट रिकामं असलं की शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, थरथर, घाम, चिडचिड, गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, अजून कमी असेल तर परत साखर, आणि बरं वाटलं की काहीतरी खायचं. शेंगाचा लाडू तेव्हा उपयोगाचा नाही, त्यात तेल असतं म्हणून साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ 108 ला फोन.

काकूंच्या परवानगीनंच हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी किडनीचा रिपोर्ट बघून दोन्ही औषधं वेगवेगळी करून दिली, उपवासाच्या दिवशी कुठली घ्यायची, कुठली नाही ते कागदावर लिहून दिलं. तुमच्याकडे वेगळं असेल, त्यामुळे हे वाचून घरच्या घरी गोळी कमीजास्त करू नका, उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि कालची राहिली म्हणून आज दोन, हे तर अजिबात नाही.

मुलाला वेगळं बसवावं लागलं. तो म्हणाला, मग आता बायको रोज समोर उभी राहून गोळी देईल. म्हटलं नको, सुनेला जेलर करू नका, तिचं आधीच काय कमी आहे का. आठवड्याची डबी काकूंच्याच हातात, रविवारी दोघींनी मिळून भरायची, बस्स. सुनेकडे एकच काम दिलं, रात्री सासूबाईंचे तळपाय बघायचे, कारण बरीच वर्षं शुगर असली की पाय बधिर होऊ शकतात, बधिर पायाला चटका कळत नाही, आणि उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या देवळातल्या फरशीवर अनवाणी चालून फोड आलेले पेशंट मी दरवर्षी बघते.

कार्तिकी एकादशीला काकूंचा फोन आला. "ताई, अकराला तपासलं, 124 आहे, भगर खाल्लं." मागून सुनेचा हसण्याचा आवाज.

एक गोष्ट मात्र अजून जमली नाही. शुगरच्या गोळीनं किडनी जाते म्हणणाऱ्या काकू गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून विचारून दुखण्याची गोळी आणतात, आणि बीपी-शुगर असताना अशी गोळी रोज घेतली तर किडनीला खरा धोका तिचाच असतो. तीनदा सांगून झालं. "मग चालू कसं ओ मी?" म्हणतात. पुढच्या सोमवारी त्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी बोलावलंय, येतो म्हणाल्यात.