रुपयाचे माप का चुकते?

प्रश्न: आजोळच्या पेटीत चांदीचे दोन रुपये सापडले. अक्षरे फारसी, एकावर अंकुशाची खूण. एक २१ मिलिमीटर रुंद, दुसरा २४. वजन मात्र दोन्हींचे ११.२ ग्रॅमच्या आसपास. लहान नाणे कातरलेले असेल का? – एक वाचक, वाई

उत्तर: वजन जुळते आहे, तेव्हा नाही. मराठेशाहीतले असे रुपये हाताने पाडले जात आणि टाकसाळीत सांभाळले जाई ते वजन. रुंदीचा आग्रह नसे. चांदीचा तुकडा तोलायचा, जास्त भरला तर छाटायचा, ठोकून गोल करायचा आणि दोन ठशांमध्ये धरून वर घणाचा घाव घालायचा. चकती जेवढी चपटी झाली तेवढे नाणे रुंद आणि पातळ. ठसा चकतीहून मोठा असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. कडेवर अर्धे तुटलेले अक्षर हा कातरल्याचा पुरावा मुळीच नाही, आणि तेवढ्यावरून चांगली नाणी मोडीत घालू नयेत.

पडताळा जाडीवरून घ्या. २४ आणि २१ च्या वर्गांचे गुणोत्तर १.३ येते, म्हणजे लहान नाणे सुमारे ३० टक्के जाड भरायला हवे. रुंदी मोजताना सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड अशी दोन मापे घेऊन सरासरी काढा, कारण ही नाणी नीट गोल नसतात. खरोखर कातरलेल्या नाण्याची कड एका बाजूला सरळ आणि धारदार लागते, आणि वजन घटलेले असते. तोंडावरचे बारीक टोचे मात्र सराफांनी कस पाहताना मारलेले असतात. त्यांनी घाबरू नका.

प्रश्न: १९०७ चे दोन रुपये आहेत. एक ३०.५ मिलिमीटर, दुसरा बरोबर ३०. झिजला की खोटा? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: यंत्रावर पाडलेल्या नाण्यात अर्धा मिलिमीटर हा मोठा फरक आहे. आधी कॅलिपरचा शून्य तपासा आणि तीन ठिकाणी मोजा. दागिन्याच्या कडीत आवळून बसवलेल्या नाण्याची कड एका बाजूने दबलेली असते. तिन्हीकडे ३० च आले तर वजन करा. या रुपयाचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा.

कानस फिरवून ३०.५ चे ३० केले असेल, तर क्षेत्रफळ सव्वातीन टक्क्यांनी घटते आणि निदान ०.३८ ग्रॅम चांदी जाते. वजन ११.२८ च्या खाली आणि कडेचे दाते पुसट किंवा गायब असतील, तर घासलेलेच समजा. नुसत्या वापराने आधी राजाचे केस आणि अक्षरे सपाट होतात, व्यास फारसा कमी होत नाही. पण वजन ११.६ च्या पुढे आणि व्यास ३० असेल, तर ओतीव नकलेचा संशय घ्या. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन धातू ओतला की तो थंड होताना एक-दोन टक्के आकसतो, आणि वजन भरून काढायला नक्कल जाड ठेवली जाते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठावर बारीक छिद्रे आणि कधी कडेवर सांध्याची रेघ दिसते.

मग पाण्याची कसोटी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला, भिंतीला टेकू देऊ नका. येणारा आकडा म्हणजे सरलेले पाणी. पूर्ण वजनाच्या खऱ्या रुपयाला तो १.१३ च्या आसपास येतो, पितळेवर मुलामा असेल तर १.३७ च्या आसपास. नाण्याला चिकटलेला बुडबुडा आकडा वाढवतो आणि चांगले नाणे हीणकस ठरवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. डाग देऊन कडी लावलेल्या नाण्यावर ही कसोटी नको.

प्रश्न: १९४४ चा रुपया पाण्यात १.२२ दाखवतो. खोटा? – एक वाचक, मडगाव

उत्तर: खरा असू शकतो. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. ११.६६ ग्रॅमला १.२२ हा त्या मिश्रणाला साजेसाच आकडा. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, २८ मिलिमीटरचा. तो लोहचुंबकाला चिकटतो.