पहिलंच हॅलोविन आहे ना, मग एवढं बघून ठेव

अगं, सगळ्यात आधी गावाच्या वेबसाइटवर वेळ बघ, कारण अमेरिकेत बऱ्याच लहान गावांत ट्रिक-ऑर-ट्रीटची (म्हणजे मुलं वेष करून घरोघरी कँडी मागत फिरतात त्याची) वेळ गावच ठरवतं, साधारण संध्याकाळचे दोनेक तास, आणि काही ठिकाणी तर ३१ ऑक्टोबरऐवजी आदल्याच दिवशी असतं. पोर्चचा दिवा चालू असेल त्याच घरी जायचं, बंद असेल तर बेल वाजवायची नाही, आणि तुमच्याकडची कँडी संपली की तुम्हीपण दिवा बंद करा, कोणी वाईट वाटून घेत नाही. घरचे लाडू, चिक्की प्लीज देऊ नकोस, कितीही छान झाले असले तरी. सीलबंद पाकीटच द्यायचं, काही मुलांना शेंगदाण्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी असते. दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवलास तर लोकांना कळतं की इथे खाऊ सोडून स्टिकर, पेन्सिली असं काहीतरी पण मिळेल, मला ही पद्धत फार म्हणजे फार आवडते. सेंट लुईसकडे असाल तर लेकाकडून एक जोक पाठ करून घे, तिकडे कँडीच्या आधी जोक सांगायची पद्धत आहे! कॉस्च्यूम एक साइज मोठाच घे, आत जॅकेट घालावं लागतं. आणि जरा मोठी पोरं आली तरी त्यांनाही द्या हं.